वजन किती, यापेक्षा वजन कुठे

गेल्या काही वर्षांतील भारतीय विज्ञान-तंत्रज्ञानाच्या बातम्यांतून दोन आकडे मी मुद्दाम टिपून ठेवले आहेत : १५ आणि ९०९. दोन्हींचे एकक किलोग्रॅम. एप्रिल २०२४ मध्ये इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यातील इंजिनासाठी कार्बन-कार्बन संमिश्राचे नोझल विकसित केल्याचे जाहीर केले. त्यामुळे या प्रक्षेपकाची वहनक्षमता १५ किलोंनी वाढेल, असे त्या निवेदनात म्हटले होते. दुसरी बातमी सप्टेंबर २०२५ची. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने मोटारींच्या इंधनवापरासंबंधीच्या नव्या, म्हणजे तिसऱ्या टप्प्यातील ‘कॅफे’ निकषांचा सुधारित मसुदा प्रसृत केला आणि त्यात ९०९ किलोंपर्यंतच्या लहान पेट्रोल मोटारींना काही सवलत सुचवली. पहिल्या बातमीचे कौतुक झाले. दुसरीवरून मोटार कंपन्यांमध्ये उघड वाद झाला. दोन्ही बातम्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र एकच आहे : एखाद्या यंत्राचे वजन कमी करणे म्हणजे नेमके काय करणे?

या प्रश्नाचे सर्वांत बोधप्रद उत्तर मला रॉकेटमध्ये सापडत नाही आणि आजच्या मोटारीतही सापडत नाही. ते सापडते १९६०च्या दशकातील अमेरिकन ‘मसल कार’मध्ये. मध्यम आकाराच्या, साध्या, दोन दारांच्या मोटारीत एखाद्या मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरांचे दांडगे इंजिन बसवायचे, असा हा प्रकार. १९६४ची पाँटियाक जीटीओ ही या परंपरेची जननी मानली जाते. तिचे इंजिन ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे होते. आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींची इंजिने १.२ लिटरच्या आत असतात, हे लक्षात घेतले की त्या इंजिनाचा आवाका कळतो.

या मोटारी वेगवान होत्या, पण हलक्या नव्हत्या. सोळाशे-अठराशे किलो हे त्यांचे सर्वसाधारण वजन. त्यातले बरेचसे नाकावर, कारण बिडाचे अवजड इंजिन पुढे आणि इंजिनाने फिरणारी चाके मागे. ड्रॅग शर्यतीत, म्हणजे पाव मैलाच्या सरळ धावेत, उतरणाऱ्यांना लवकरच उमगले की शक्ती वाढवण्याइतकाच वजन घटवणे हाही वेगाचा मार्ग आहे.

किती वेगाचा? इंजिनाची शक्ती सतत पूर्ण वापरात आहे असे मानले, तर ठरावीक अंतर कापण्याचा वेळ हा वजन भागिले शक्ती या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो. घनमूळ हा मोठा कंजूष दाता आहे. वजन दहा टक्क्यांनी घटवले तर वेळ जेमतेम साडेतीन टक्क्यांनी घटतो. चालकासह १७०० किलोंची, पाव मैल साडेतेरा सेकंदांत कापणारी मोटार घेऊ. तिच्यातून १०० किलो काढले तर सुमारे पाव सेकंद वाचतो. हे क्षुल्लक वाटेल. पण अंतिम रेषेजवळ ताशी १६० किलोमीटरच्या वेगाने धावताना पाव सेकंद म्हणजे अकरा-बारा मीटर, म्हणजे दोन मोटारींची लांबी. शर्यत तेवढ्यानेच जिंकली जाते.

मग वजन काढायचे कुठून? इथे त्या काळाने तीन वेगवेगळी उत्तरे दिली. तिन्ही शिकण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर १९६३च्या पाँटियाक कॅटलिनाचे. शर्यतीसाठी बनवलेल्या मोजक्या, सुमारे चौदा गाड्यांत अभियंत्यांनी चासीलाच हात घातला. चासीच्या बंद पेटीसारख्या तुळयांची एक बाजू काढून टाकली आणि उरलेल्या भागात मोठमोठी भोके पाडली. भोकांमुळे त्या गाड्यांना ‘स्विस चीज’ असे टोपणनाव पडले. वजन घटले, पण त्याची किंमत चासीने मोजली. हे का घडते, ते घरच्या घरी पाहता येते. पुठ्ठ्याची एखादी नळी दोन्ही हातांनी पिळून पाहा. ती दाद देत नाही. आता तिला पात्याने लांबीच्या दिशेने एक चीर द्या आणि पुन्हा पिळा. पुठ्ठा तेवढाच आहे, वजन तेवढेच आहे, पण ताठपणा नाहीसा झाला. काही मिलिमीटर जाडीच्या पोलादी पेटीची एक भिंत काढली, तर पीळ सोसण्याची तिची ताकद शेकडो पटींनी घसरते. वजन थोडे गेले आणि त्यासोबत रचनेचा अर्थच गेला. उचलली करवत आणि लावली पत्र्याला, असे केले की हेच होते.

दुसरे उत्तर १९६४च्या फोर्ड थंडरबोल्टचे. फेअरलेन या कुटुंबवत्सल मोटारीत फोर्डने ४२७ घनइंचांचे इंजिन बसवले आणि शंभर गाड्या तयार केल्या. बॉनेट आणि पुढचे फेंडर फायबरग्लासचे केले, खिडक्यांना काचेऐवजी ॲक्रिलिक प्लास्टिक लावले, हीटर, रेडिओ, गालिचा, हातटेकू, एवढेच काय प्रवाशाच्या बाजूचा वायपरही काढून टाकला. गाडी ३२०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १४५० किलोंच्या आसपास आली. पण मला त्यातली सर्वांत शहाणी गोष्ट वेगळीच वाटते. जिथे प्रत्येक किलोसाठी झटापट चालली होती, त्याच गाडीच्या डिकीत अभियंत्यांनी ट्रकला शोभेल अशी मोठी, जड बॅटरी ठेवली.

हा विरोधाभास नाही. मोटार पुढे जाते ती मागच्या चाकांच्या आणि रस्त्याच्या घर्षणाने, आणि ते घर्षण मागच्या चाकांवरील भारावर अवलंबून असते. समजा, २० किलोंची बॅटरी पुढच्या आसाजवळून उचलून मागच्या आसाच्याही मागे ठेवली. गाडीचे एकूण वजन ग्रॅमभरही बदलत नाही, पण तरफेच्या नियमाने मागच्या चाकांवर वीस किलोंहून अधिक भार वाढतो. शर्यतीच्या नियमांनी किमान वजन ठरवून दिलेले असताना तर हाच डाव निर्णायक ठरतो. जे वजन ठेवावेच लागणार, ते कुठे ठेवायचे हे तुमच्या हाती असते.

तिसरे उत्तर सर्वांत देखणे आहे. १९६८मध्ये क्रायस्लरने डॉज डार्ट आणि प्लिमथ बॅराकुडा यांच्या खास शर्यतीसाठीच्या आवृत्त्या काढल्या. त्यांच्या खिडक्यांना ‘केमकोर’ नावाची अत्यंत पातळ काच होती. ती कॉर्निंग कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी विकसित केली होती. काच वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवून ठेवली की तिच्या पृष्ठभागातील सोडियमचे लहान आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन शिरतात. गच्च भरलेल्या लोकलच्या डब्यात आणखी माणसे कोंबावीत तसा पृष्ठभाग दाबाखाली येतो. काच तडकते ती ओढीच्या ताणाने. आधी हा दाब संपवल्याशिवाय ओढ तिथे पोहोचतच नाही. म्हणून पातळ काचही बळकट होते. त्या काळी या काचेला पुरेसे गिऱ्हाईक मिळाले नाही आणि १९७१मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला. २००७मध्ये पहिल्या आयफोनच्या निमित्ताने तेच शास्त्र ‘गोरिला ग्लास’ या नावाने परतले. हा मजकूर आपण ज्या काचेवर वाचत आहात, तिचे एक पूर्वज शर्यतीच्या मोटारीची खिडकी होते.

ही तीन उत्तरे शेजारी ठेवली की वजन घटवण्याचे शास्त्र दिसू लागते. भार वाहणाऱ्या भागावर करवत चालवणे हा सर्वांत वाईट मार्ग. न वाहणारे भाग काढणे आणि उरलेल्यांची जागा बदलणे हा चांगला मार्ग. तेच काम कमी वस्तुमानात करणारा पदार्थ शोधणे हा सर्वोत्तम, पण सर्वांत धीराचा मार्ग.

आजही जुन्या मसल कारचे वजन उतरवणाऱ्यांना माझा सल्ला हाच राहील, की आधी चारही चाकांखाली काटे ठेवून मोजा, मग हत्यार उचला. बिडाचे सिलिंडर हेड आणि इनटेक मॅनिफोल्ड यांच्या जागी ॲल्युमिनियमचे आले की नाकावरचा भार घटतो. १९६९च्या शेव्हरले कॅमॅरो झेडएल-१मध्ये तर अख्खे इंजिन ॲल्युमिनियमचे करून सुमारे १०० पौंड, म्हणजे ४५ किलो वाचवले होते. अशा फक्त ६९ गाड्या निघाल्या. चाकांच्या कडेवरील एक किलो हा वेग घेताना जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो, कारण त्याला पुढेही न्यावे लागते आणि फिरवावेही लागते. म्हणून हलकी चाके ही दामदुप्पट बचत. पण ब्रेक, आसनपट्टे आणि त्यांचे आधार यांना हात लावू नये. दारांच्या आडव्या धक्क्यासंबंधीचा संघीय नियम अमेरिकेत १९७३पासून लागू झाला. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांच्या दारांत संरक्षक तुळई मुळातच नाही. तिथून काही काढण्याऐवजी तिथे भर घालण्याचा विचार करावा. आणि अशी गाडी भारतात असेल, तर आणखी एक भान हवे. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते ती त्याचे मूळ रूप राखले असेल तरच. चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार केला, की तो दर्जा गेला.

आता आपल्या १५ किलोंकडे वळू. इस्रोच्या त्या नोझलमध्ये कोलंबियम, म्हणजेच नायोबियम मिश्रधातूच्या विस्तारणाऱ्या भागाऐवजी कार्बन-कार्बन संमिश्र आले आणि त्या भागाचे वजन सुमारे ६७ टक्क्यांनी उतरले. ही केमकोरचीच वाट : पदार्थ बदला, काम तेच ठेवा. आणि जागाही अचूक निवडलेली. रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात वाचवलेला एक किलो उपग्रहाच्या पदरात फारच थोडे टाकतो, कारण तो टप्पा वाटेतच गळून पडतो. शेवटचा टप्पा मात्र उपग्रहासोबत कक्षेपर्यंत जातो; तिथला वाचलेला जवळजवळ प्रत्येक किलो उपग्रहाला मिळतो.

याची दुसरी बाजूही इस्रोनेच दाखवली आहे. चांद्रयान-२चे अवतरक सुमारे १४७१ किलोंचे होते. चांद्रयान-३चे सुमारे १७५० किलोंचे. अपयशानंतर वजन वाढवले गेले! पाय बळकट केले, इंधन वाढवले, आणि त्याच वेळी मधले पाचवे इंजिन काढून टाकले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते यान चंद्रावर अलगद उतरले. जे नको ते काढणे आणि जिथे हवे तिथे निःसंकोच घालणे, या दोन्ही गोष्टी एकाच शिस्तीतून येतात. त्या शिस्तीत प्रत्येक ग्रॅमला ‘तू इथे का आहेस?’ असे विचारले जाते.

माझी तक्रार अशी की अवकाशात आपण जो प्रश्न विचारतो, तो रस्त्यावर विचारत नाही. आपली भाषाच वजनाच्या बाजूची आहे. माणूस ‘वजनदार’ असला की आदर, व्यक्तिमत्त्व ‘भारदस्त’ असले की कौतुक, आणि माल ‘हलका’ असला की नाक मुरडणे. शोरूममध्ये दार आपटून त्याचा आवाज ऐकणारा ग्राहक याच भाषेत विचार करत असतो. त्याला दोष देता येत नाही. परंतु नियमानेही त्याच भाषेत बोलावे, हे मात्र अक्षम्य आहे.

भारतातील कॅफे निकष २०१७-१८पासून लागू झाले. २०२२-२३पासून दुसरा, अधिक कडक टप्पा आला. त्यांत कंपनीने विकलेल्या मोटारींचे सरासरी वजन काढतात आणि त्यावरून तिला परवानगी असलेला इंधनवापर ठरवतात. दुसऱ्या टप्प्याच्या सूत्रात सरासरी वजनातील प्रत्येक किलोमागे ही मर्यादा दर १०० किलोमीटरला ०.००२ लिटरने बदलते. म्हणजे ताफा सरासरी १०० किलोंनी जड झाला, तर ०.२ लिटर जास्त जाळण्याची मुभा. १०० किलोंनी हलका झाला, तर ०.२ लिटरने मर्यादा आवळलेली.

आता १०० किलो वजनाची खरी किंमत काढू. टायरांच्या लोळण-घर्षणाचा गुणांक ०.०१ धरला, तर १०० किलोमीटर जाण्यात या १०० किलोंपायी सुमारे १ मेगाज्यूल ऊर्जा खर्च होते. शहरात दर किलोमीटरला एकदा ताशी ५० किलोमीटरचा वेग घेऊन ब्रेक लावला, तर गतिज ऊर्जेपोटी आणखी सुमारे १ मेगाज्यूल ब्रेकच्या उष्णतेत जातो. एकूण दोन. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल असतात आणि त्यातले पाव, म्हणजे ८, चाकांपर्यंत पोहोचतात असे मानले, तर १०० किलोंचा भुर्दंड पाव लिटरच्या आसपास येतो.

दोन आकडे समोरासमोर ठेवा. जड झालेली मोटार पाव लिटर जास्त पिते आणि नियम त्यातले ०.२ लिटर माफ करतो. हलकी झालेली मोटार पाव लिटर वाचवते आणि नियम त्यातले ०.२ लिटर तिच्या खात्यातून काढून घेतो. हलक्या मोटारीला लहान इंजिन पुरते, त्यामुळे खरी बचत याहून काहीशी अधिक होते, हे मान्य. तरीही सार बदलत नाही. ज्या अभियंत्याने उत्तम पोलाद वापरून १०० किलो उतरवले, त्याच्या श्रमाचा मोठा वाटा सूत्रच गिळून टाकते. असे असताना ९०९ किलोंच्या रेषेखालच्यांना वेगळी सवलत देणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. रेषेच्या अलीकडे असलेल्याला बक्षीस आणि १२०० किलोंवरून ११०० किलोंवर येणाऱ्याला काहीच नाही!

पहिल्या टप्प्यात हाच उतार ०.००२४ होता, दुसऱ्यात तो ०.००२ झाला. दिशा योग्य आहे, पाऊल लहान आहे. याहून चांगला पर्याय आहे तो मोटारीच्या ‘पावलाच्या आकारा’वर, म्हणजे चारही चाकांनी व्यापलेल्या क्षेत्रफळावर मर्यादा ठरवण्याचा. अमेरिकेत प्रवासी मोटारींसाठी २०११च्या मॉडेल वर्षापासून ही पद्धत आहे. तिच्यात मोटार हलकी केली तर मर्यादा आवळली जात नाही. पूर्ण बचत कंपनीच्या खात्यात जमा होते. तिचाही दोष आहे. मोटारी लांब-रुंद करून सवलत मिळवण्याचा मोह होतो. म्हणून एका आकारापुढे मर्यादा वाढू नये, अशी अट हवी. आपल्या रस्त्यांची रुंदी पाहता ही अट इथे अधिकच आवश्यक आहे.

जड मोटार सुरक्षित असते, हा आक्षेप येणारच. दोन मोटारी समोरासमोर धडकल्या तर जड मोटारीतल्यांना कमी धक्का बसतो, हे संवेग-अक्षय्यतेचेच फलित आहे. पण तो धक्का नाहीसा होत नाही. तो समोरच्याच्या वाट्याला जातो. २०२२मध्ये भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती. समोर दुचाकी असताना मोटारीचे वाढीव वजन कोणाचे रक्षण करते? मोटारीतल्यांचे रक्षण करते ती चुरगळून ऊर्जा शोषणारी पुढची रचना, न वाकणारी प्रवासकक्षा, आणि लावलेला पट्टा. ‘स्विस चीज’ चासीचा धडा इथे उलट बाजूने लागू पडतो : किलो किती आहेत यापेक्षा ते कोणत्या आकारात आणि कोणत्या जागी आहेत, यावर ताकद ठरते.

आणखी एक सावधगिरी. हलकेपणासाठी डोळे मिटून ॲल्युमिनियमकडे धावण्यातही अर्थ नाही. आपल्याकडे ते मुख्यतः कोळशाच्या विजेवर वितळते, आणि त्याच्या किलोमागील उत्सर्जन पोलादाहून बरेच अधिक आहे. उच्चशक्तीचे पोलाद योग्य जागी कमी वापरणे, हा आपल्या परिस्थितीत अनेकदा अधिक शहाणा मार्ग ठरेल. विजेच्या मोटारींनाही हे लागू आहे; ब्रेकमधली काही ऊर्जा त्यांना परत मिळते, टायरांच्या घर्षणात गेलेली मिळत नाही.

म्हणून तिसऱ्या टप्प्याच्या चर्चेत ९०९ या आकड्यावर रणे माजवण्यापेक्षा तीन गोष्टी मागाव्यात. सूत्रातील वजनाचा आधार काढून आकाराचा आधार आणावा. ते तूर्त शक्य नसेल, तर उतार निम्म्याहून कमी करावा. आणि प्रत्येक मोटारीच्या जाहिरातीत मायलेजइतक्याच ठळकपणे तिचे रिकामे वजन छापावे. ग्राहक दार आपटून जे ऐकू पाहतो, ते त्याला काट्यावर दिसू द्यावे.

साठ वर्षांपूर्वी पाव सेकंदासाठी झगडणाऱ्या त्या अभियंत्यांना पर्यावरणाची काळजी नव्हती. पण डिकीतली ती जड बॅटरी सांगते, की वजनाकडे कसे पाहायचे ते त्यांना ठाऊक होते. चंद्रावर उतरताना ते आपल्यालाही ठाऊक असते. आता ते रोजच्या रस्त्यावर उतरवायचे आहे. वरच्या हिशेबात मी धरलेले आकडे दिलेच आहेत; ते बदलून पाहा, आपल्या गाडीचे आकडे घालून पाहा, आणि वेगळे उत्तर आले तर प्रतिसादात अवश्य मांडा.